वळिवड्याचें मोठें कुटुंब आणि नाताळानंतरचे संकल्प

नाताळचा सण आला आणि गेला. गोठ्यांतील बाळ येशूची मूर्ति कापसांत गुंडाळून पेटींत परत गेली, दारावरचा कागदी तारा उतरला, करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे रिकामे झाले. घरांत आतां नेहमींचीं माणसें आणि नेहमींचीं कामें उरलीं. मोठ्या कुटुंबाची खरी परीक्षा ह्याच दिवसांत असते. सणाच्या दिवशीं सर्वच घरें एकजीव दिसतात. परंतु जानेवारीच्या पहिल्या आठवड्यांत पहांटे चूल कोणीं पेटवावी, पाणी कोणीं भरावें, धाकट्यांचा अभ्यास कोणीं घ्यावा आणि संध्याकाळच्या प्रार्थनेस सर्वांना कोणीं बोलवावें, ह्या प्रश्नांचीं उत्तरें ज्या घराला सांपडतात तें घर टिकतें. नाताळानंतर आपण जे संकल्प करितों ते ह्याच प्रश्नांशीं बांधलेले असले तर वर्षभर पुरतात. हें दाखविण्यासाठीं महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेंत एका फार मोठ्या कुटुंबाची हकीकत सांगण्याचें योजिलें आहे. तें कुटुंब आपल्या कोल्हापूरच्या वेशीजवळ सुमारें पांच वर्षें नांदलें. त्यांत सुमारें ५,००० माणसें होतीं. आणि त्यांतील बहुतेक घरांत बाप नव्हता.

हीं माणसें पोलंड देशाचीं. इ. स. १९३९ च्या सप्टेंबर महिन्यांत त्या देशावर दोन बाजूंनीं संकट कोसळलें. १ तारखेस पश्चिमेकडून जर्मन सैन्य शिरलें आणि १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएट रशियाचें सैन्य आलें. पूर्वेकडील प्रांतांतल्या शेतकरी, शिक्षक, वनरक्षक व शिपाई ह्यांच्या कुटुंबांस रशियन अधिकाऱ्यांनीं घरांतून उठवून सैबेरियांत व मध्य आशियांत नेलें. पहिली मोठी धाड १० फेब्रुवारी १९४० रोजीं, ऐन हिंवाळ्यांत पडली. मालगाडीच्या बंद डब्यांतून लांबचा प्रवास, पुढें जंगलांत लांकूडतोड किंवा सामुदायिक शेतांवर राबणें, आणि सदैव भूक, असा त्यांचा काळ गेला. कितीएक घरांतील म्हातारीं माणसें आणि तान्हीं मुलें तेथेंच मातीस मिळालीं.

जून १९४१ मध्यें जर्मनीनें रशियावरच चाल केली, तेव्हां पारडें फिरलें. ३० जुलै १९४१ रोजीं लंडन येथील पोलिश सरकार व रशिया ह्यांमध्यें करार झाला आणि ह्या हद्दपार लोकांस मोकळीक मिळाली. जनरल आंदेर्स ह्यांनीं त्यांतून सैन्य उभारलें. इ. स. १९४२ मध्यें तें सैन्य कास्पियन समुद्र ओलांडून इराणांत उतरलें व त्याच्या आधारानें हजारों स्त्रिया आणि मुलेंही बाहेर पडलीं. पुरुष पलटणींबरोबर पुढें गेले. मागें राहिलेल्या बायकामुलांना कोठें ठेवावें हा प्रश्न पडला. तेव्हां नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनीं जामनगरजवळ बालाचडी येथें पोरक्या पोलिश मुलांस आश्रय दिला. त्याहून पुष्कळ मोठी वसाहत आपल्या कोल्हापूर संस्थानांत, मिरज-कोल्हापूर लोहमार्गावरील वळिवडे येथें वसविण्यांत आली. इ. स. १९४३ मध्यें तेथें आगगाड्या येऊं लागल्या आणि बर्फांतून निघालेलीं तीं कुटुंबें पंचगंगेच्या काळ्या मातींत उतरलीं.

वसाहत म्हणजे लांबच लांब बराकींच्या रांगा. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलें, पुढें पडवी. शेजारच्या खोलींतला खोकलाही ऐकूं यावा अशी ती घरांची दाटी होती. पण घरोघरीं आपापली चूल पेटे, ही गोष्ट फार महत्त्वाची. तीन वर्षें ज्यांनीं दुसऱ्याच्या हातची मोजकी भाकर खाल्ली, त्या आईबायांच्या हातीं पुन्हां पळी आली. पुन्हां बाजारहाट करणें, भाजीवाल्याशीं घासाघीस करणें, मुलांचे कपडे शिवणें, हीं कामें सुरू झालीं. वसाहतींत चर्च होतें, इस्पितळ होतें, शाळा होत्या, दुकानें होतीं, नाटकें व चित्रपट दाखविण्याची सोय होती, आणि ज्यांस आईही उरली नव्हती अशा मुलांसाठीं अनाथाश्रम होता. एका नवऱ्याच्या पगारावर व एका सासूच्या देखरेखीखालीं चालणारें एकत्र कुटुंब आपणांस ठाऊक आहे. येथें मात्र एकेक आई ही एकाच वेळीं माता, पिता व गृहप्रमुख होती, आणि सारी वसाहत तिची भाऊबंदकी होती.

अशा घरांत नाताळ कसा येत असेल, हें समजण्यास पोलिश लोकांची रीत जाणून घेतली पाहिजे. त्यांचा मुख्य सोहळा २४ डिसेंबरच्या संध्याकाळीं असतो. त्यास ते विगिलिया म्हणतात. आकाशांत पहिला तारा दिसला कीं सर्वांनीं जेवणास बसावयाचें. मेजावरील पांढऱ्या कापडाखालीं थोडें वाळलेलें गवत पसरलेलें असतें, गोठ्याची आठवण म्हणून. जेवणांत मांस नसतें. जेवणापूर्वीं घरांतील वडील माणूस ओपलातेक नांवाची, मिस्सेंतील भाकरीसारखी पातळ पापुद्र्याची पोळी हातीं घेतो. मग प्रत्येकानें दुसऱ्याच्या पोळीचा तुकडा मोडून खावयाचा, शुभ चिंतावयाचें आणि वर्षाभरांत झालेल्या अपराधांची क्षमा मागावयाची. भांडण मनांत ठेवून त्या मेजावर बसतां येत नाहीं. शिवाय मेजावर एक ताट अधिक मांडतात. अवचित येणाऱ्या वाटसरूसाठीं ती जागा राखलेली असते. त्यानंतर मध्यरात्रीची मिस्सा. तिला ते मेंढपाळांची मिस्सा म्हणतात.

वळिवड्याच्या घरांत त्या रिकाम्या ताटाचा अर्थ काय झाला असेल, तें फोडून सांगण्याची गरज नाहीं. कोणाचा बाप इटलींत लढत होता, कोणाचा भाऊ सैबेरियांतून आलाच नव्हता, कोणाची आजी वाटेंत राहिली होती. इतर देशांत अनोळखी पाहुण्यासाठीं मांडलेलें ताट येथें घरच्याच माणसासाठीं मांडलेलें होतें. आणि तरी तें मांडलें जाई, हीच त्या कुटुंबाची पहिली प्रतिज्ञा होती. जो आला नाहीं तो आमच्यांतून गेला, असें ते मानीत नसत.

येथें आपल्या मराठी घरांचीही आठवण होते. त्याच वर्षांत दक्षिण महाराष्ट्रांतील शेंकडों गांवांचे जवान मराठा पलटणींतून इटलींत लढत होते. १८ मे १९४४ रोजीं पोलिश सैन्यानें मोंते कासिनोच्या टेकडीवरील मठ घेतला. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे धारातीर्थीं पडले व त्यांस मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव ह्यांनीं तोच मान मिळविला, आणि त्याच हल्ल्यांत पोलिश पलटणींनींही ती नदी ओलांडली. म्हणजे पंचगंगेच्या कांठीं एका बाजूस मराठी माता व दुसऱ्या बाजूस पोलिश माता एकाच रणांगणावरून येणाऱ्या पत्राची वाट पाहत होत्या. त्यांची भाषा एक नव्हती. काळजी एक होती.

आतां नाताळानंतरच्या दिवसांकडे वळूं. पोलिश घरांत नाताळ लवकर संपत नाहीं. नाताळचीं गीतें २ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे चाळीस दिवस, गाइलीं जातात. ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणाला, आशीर्वादित खडूनें दारावर त्या राजांच्या नांवांचीं आद्याक्षरें आणि नव्या वर्षाचा आंकडा लिहितात. ह्याच दिवसांत धर्मगुरु घरोघर जाऊन घरास आशीर्वाद देतात, मुलांची विचारपूस करितात व कुटुंबाची हालहवाल ऐकतात. त्या काळीं पवित्र कुटुंबाचा सणही ह्याच सुमारास येई. परमगुरु पोप लिओ तेरावे ह्यांनीं इ. स. १८९३ मध्यें ह्या सणास मान्यता दिली, आणि पोप बेनेडिक्ट पंधरावे ह्यांनीं इ. स. १९२१ मध्यें तो सर्व चर्चसाठीं लागू केला. तेव्हां तो तीन राजांच्या सणानंतरच्या रविवारीं असे, इ. स. १९६९ च्या सुधारणेपासून तो नाताळानंतरच्या रविवारीं पाळला जातो. येशू, मरिया आणि योसेफ ह्यांनीं हेरोदाच्या भयानें रात्रींच्या रात्रीं इजिप्तचा रस्ता धरिला, ती कथा वळिवड्याच्या मुलांना समजावून सांगावी लागली नसेल. त्यांनीं ती चालून पाहिली होती.

ह्या लोकांचे संकल्प कोणत्या वहींत लिहिलेले होते असें नाहीं. ते त्यांच्या करणींत वाचावे लागतात. पहिला संकल्प शाळेचा. रशियांत ज्या मुलांचीं वर्षें वाया गेलीं होतीं त्यांच्यासाठीं बालवर्गापासून माध्यमिक शिक्षणापर्यंत शाळा निघाल्या. घरांत अन्न वाढलें कीं नाहीं ह्या काळजीइतकीच मुलगा धडा शिकला कीं नाहीं ही काळजी मोठी मानली गेली. दुसरा संकल्प भाषेचा. मायदेश हजारों कोस दूर असतां घरांत, प्रार्थनेंत, गाण्यांत आणि नाटकांत मातृभाषाच चालली. तिसरा संकल्प सेवेचा. बालवीरांचीं व वीरबालांचीं पथकें वसाहतींत अत्यंत जोमानें चाललीं. वडील मुलांनीं धाकट्यांस हातीं धरावें, शिस्त शिकवावी, रोज कोणाच्या तरी उपयोगी पडावें, हें शिक्षण त्यांतून मिळालें. चौथा संकल्प पोरक्यांचा. इ. स. १९४६ मध्यें बालाचडीची छावणी बंद झाली तेव्हां तेथील मुलेंही वळिवड्यास आलीं आणि आधींच दाट असलेल्या ह्या घरांत त्यांस जागा मिळाली. मोठ्या कुटुंबांत आणखी एक पान मांडण्यास जागा असतेच, ही म्हण म्हणून बोलणें सोपें. तट्ट्यांच्या खोल्यांत ती खरी करून दाखविणें अवघड.

परंतु सर्वांत कठीण निश्चय पुढेंच होता. फेब्रुवारी १९४५ मध्यें याल्टा येथें मोठ्या राष्ट्रांनीं पोलंडचे पूर्वेकडील प्रांत रशियाकडे ठेवण्याचें ठरविलें. वळिवड्यांतील बहुतेकांचीं गांवें त्याच प्रांतांतलीं. ५ जुलै १९४५ रोजीं ब्रिटननें लंडन येथील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. युद्ध संपलें, विजय झाला, आणि ह्या माणसांचें घर नकाशावरून दुसऱ्या राज्यांत गेलें. मग १९४५ आणि १९४६ चे नाताळ आले. मेजावर पोळी मोडतांना एकमेकांस काय शुभ चिंतावें? लवकर घरीं जाऊं, असें म्हणण्याची सोय उरली नव्हती. परत जाऊन नव्या राजवटीखालीं राहावें, कीं परक्या देशांत नव्यानें आरंभ करावा, हा निर्णय प्रत्येक आईस एकटीनें घ्यावा लागला. नवरा जिवंत कीं मृत हें ठाऊक नसलेल्या स्त्रीनें मुलांच्या साऱ्या आयुष्याचा निर्णय करणें ही केवढी जबाबदारी! थोडीं कुटुंबें पोलंडला परतलीं. ज्यांचे पुरुष ब्रिटिश सेनापतींच्या हाताखालीं लढले होते त्यांस १९४७ च्या पोलिश पुनर्वसन कायद्यानें ब्रिटनमध्यें राहतां आलें व त्यांच्या बायकामुलांस तेथें जाण्याची वाट मिळाली. कांहीं पूर्व आफ्रिकेंतील छावण्यांकडे गेलीं, आणि तेथून पुढें दूरदूरच्या देशांत पांगलीं. इ. स. १९४८ मध्यें वळिवड्याची वसाहत रिकामी झाली.

तथापि ती फार दिवस रिकामी राहिली नाहीं. इ. स. १९४७ च्या फाळणींत सिंधमधून उखडलेल्या सिंधी कुटुंबांस त्याच बराकींत आसरा मिळाला. एका निर्वासित आईनें विझविलेल्या चुलींत दुसऱ्या निर्वासित आईनें विस्तव घातला. कापडाच्या खरेदीसाठीं आपण ज्या गांधीनगरच्या बाजारपेठेंत जातों तें गांव ह्यांतूनच उभें राहिलें. रिकामें ताट मांडण्याची जी रीत पोलिश लोकांनीं पाळली, ती त्यांच्या माघारीं त्या घरांनींच जणूं पाळली.

पांगलेलें कुटुंब मोडलें का? मोडलें नाहीं. वळिवड्यांत वाढलेलीं मुलें पुढें वयोवृद्ध झालीं, तरी परस्परांस धरून राहिलीं. त्यांनीं आपला संघ काढला आणि इ. स. २००० मध्यें भारतांतील वास्तव्याचा मोठा इतिहास पोलिश भाषेंत प्रसिद्ध केला; तो पुढें इंग्रजींतही निघाला. इ. स. १९९८ मध्यें कोल्हापुरांत महावीर उद्यानांत त्यांच्या कृतज्ञतेचें स्मारक उभें राहिलें. येथेंच ज्यांचा अंत झाला त्यांच्या कबरी कोल्हापूरच्या मातींत आहेत. वॉर्सा शहरांतही वळिवडे-कोल्हापूरच्या नांवाचें स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजीं भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांनीं तेथें आदरांजलि वाहिली.

पोप पायस बारावे ह्यांनीं १ ऑगस्ट १९५२ रोजीं निर्वासितांसंबंधीं एक मोठें पत्र काढलें. इजिप्तमध्यें आश्रय घेतलेलें नाझरेथचें पवित्र कुटुंब हेंच सर्व काळच्या निर्वासित कुटुंबांचा आदर्श व आधार आहे, असा त्याच्या आरंभींचा आशय आहे. आपल्या कोल्हापूरकरांस त्याचा दाखला शोधण्यास दूर जावें लागत नाहीं.

वाचकहो, आपलीं घरें पक्क्या भिंतींचीं आहेत, आणि बहुतेकांच्या घरीं वडील माणसांची सावली आहे. तरीही नव्या वर्षाच्या दारांत उभें राहतांना ह्या शेजाऱ्यांकडून चार गोष्टी घेतां येतील. जेवणास बसण्यापूर्वीं घरांतील अबोला मोडावा. थोरल्या भावंडानें एका धाकट्याचा अभ्यास आपल्या माथीं घ्यावा. संध्याकाळची प्रार्थना कोणी घरीं नसलें तरी चुकवूं नये, आणि जो नाहीं त्याचें नांव तींत घ्यावें. घरीं अन्न शिजेल तेव्हां एक पान अधिकाचें धरावें. हे संकल्प लहान आहेत. पण इतक्याच शिदोरीवर पांच हजारांच्या त्या कुटुंबानें आपलें घरपण राखलें. परमेश्वर आपल्याही घरांस तेवढें बळ देवो.