एका अडचणीची डझनभर उत्तरं: इंजिनिअर त्यातलं एक कसं निवडतात?

नागपुरात सीताबर्डीच्या मुंजे चौकात मेट्रोच्या दोन मार्गिका एकमेकींना भेटतात: ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज लाइन आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही अ‍ॅक्वा लाइन. अ‍ॅक्वा लाइन बर्डीहून पूर्वेला कॉटन मार्केटकडे निघाली की तिला रेल्वेचे रूळ आडवे येतात. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन मोठे रेल्वेमार्ग नागपुरात एकत्र येतात. इथे पूल बांधायचा म्हणून महिनोन्‌महिने गाड्या थांबवता येत नाहीत आणि रुळांमध्ये टेकूही उभे करता येत नाहीत.

आनंद टॉकीजजवळच्या या ठिकाणी 'बॅलन्स्ड कॅन्टिलिव्हर' पद्धतीचा पूल बांधला गेला. खांब रुळांच्या बाहेर उभा करायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पुलाचे हात थोडेथोडे, सारख्याच वजनाने वाढवत न्यायचे. तराजूच्या दांडीसारखंच हे. दोन्ही पारडी सारखी असल्यामुळे काम चालू असताना खालून आधार लागत नाही.

आता ऑरेंज लाइनने उत्तरेला गड्डीगोदामला जाऊ. अडचण तीच, रेल्वे ओलांडायची. पण तिथे सगळ्यात खाली रस्ता, त्याच्या वर रेल्वे, तिच्या वर वाहनांचा उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो अशी चार मजल्यांची रचना आहे. म्हणजे नव्या पुलाला एक नाही, दोन मजले पेलायचे होते. तिथे 80 मीटर लांबीचा, सुमारे 1,650 टन वजनाचा पोलादी सांगाडा बाजूला जोडला गेला आणि मग रेल्वेच्या वरून पुढे सरकवला गेला.

एकाच शहरात, एकाच प्रकल्पात, एकाच प्रश्नाला दोन वेगळी उत्तरं. मग अशी उत्तरं सुचतात कशी आणि त्यातलं एक ठरतं कसं?

आधी सुचणं, मग निवडणं

ही दोन कामं वेगवेगळी ठेवायची, हा डिझाइनचा पहिला धडा. न्यूयॉर्कमधल्या जाहिरात क्षेत्रातले अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी 1953 च्या आपल्या पुस्तकातून 'ब्रेनस्टॉर्मिंग' लोकप्रिय केलं. सगळ्यांनी एकत्र बसायचं, मनात येईल ते बोलायचं आणि कुणाच्याही कल्पनेला तिथल्या तिथे नावं ठेवायची नाहीत. आज कॉलेजच्या प्रोजेक्टपासून कंपन्यांच्या मीटिंगपर्यंत सगळीकडे हेच चालतं.

पण 1958 मध्ये येल विद्यापीठात हा दावा तपासला गेला. एका बाजूला चौघांचे गट, दुसऱ्या बाजूला एकेकटे विचार करणारे चौघे. एकेकट्यांच्या कल्पना एकत्र केल्या आणि सारख्या असलेल्या काढून टाकल्या, तरी त्या गटांच्या जवळपास दुप्पट भरल्या. पुढच्या संशोधनात याची कारणंही समोर आली. आपली पाळी येईपर्यंत सुचलेलं विसरतं, लोक काय म्हणतील याची धास्ती असते आणि पहिल्या कल्पनेभोवतीच सगळे घुटमळतात. म्हणून आता अनेक ठिकाणी आधी प्रत्येकाने गुपचूप कागदावर लिहायचं आणि नंतर बोलायचं, असा क्रम ठेवतात. (साहेबांनी सर्वांत शेवटी बोलावं, ही सूचना मात्र आपल्याकडे कोण पाळतं?)

घुटमळण्याचा प्रकार इंजिनिअरांमध्येही दिसतो. 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डिझाइन करणाऱ्यांना न सांडणारा कॉफीचा कप सुचवायला सांगितलं होतं. काहींना सोबत एक नमुना दाखवला. नमुन्यात स्ट्रॉ होता आणि सूचनांमध्ये स्ट्रॉ नको असं लिहिलं होतं. तरीही नमुना पाहिलेल्यांच्या चित्रांमध्ये स्ट्रॉ उतरलाच! आपल्याकडे कोंडी दिसली की उड्डाणपूलच आठवतो, त्यातलाच हा प्रकार.

यावर फ्रिट्झ झ्विकी या स्विस खगोलशास्त्रज्ञाने एक साधा उपाय रूढ केला. प्रश्नाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचे पर्याय लिहायचे आणि त्यांच्या जोड्या लावायच्या. रेल्वे ओलांडायची तर वरून की खालून? काँक्रीट की पोलाद? जागेवर वाढवायचं, बाजूला जोडून सरकवायचं की क्रेनने उचलून ठेवायचं? दोन गुणिले दोन गुणिले तीन, म्हणजे 12 जोड्या झाल्या. काही लगेच बाद होतात. रुळांखालून जाणाऱ्या बोगद्यात क्रेनचं काय काम? पण उरलेल्यांमध्ये एरवी डोक्यात आलीच नसती अशी एखादी जोडी निघू शकते.

तक्ता कुणाचा, भार कुणाचा

निवडीसाठी स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातले प्राध्यापक स्टुअर्ट प्यू यांच्या नावाचा तक्ता प्रसिद्ध आहे. एक पर्याय पाया धरायचा. बाकीचे प्रत्येक निकषावर त्याच्यापेक्षा सरस असतील तर अधिक, कमी पडत असतील तर उणे, नाहीतर 'सारखं'.

समजा वर्धा रोडचा तक्ता आपणच मांडला. मेट्रो आणि उड्डाणपूल वेगवेगळ्या खांबांवर, हा पाया. दोन्ही एकाच खांबावर, हा दुसरा पर्याय. त्याला जागेच्या निकषावर अधिक, रस्ता दोनदा खणावा लागत नाही म्हणून आणखी एक अधिक. पण स्टेशन उड्डाणपुलाच्याही वर जातं, म्हणून प्रवाशाच्या चढण्यावर उणे. महामेट्रो आणि राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण या दोन यंत्रणांचा मेळ बसवायचा, म्हणून तिथेही उणे. प्रत्यक्षात तिथे एका खांबाचाच पर्याय उभा राहिला. 3.14 किलोमीटरच्या या दुमजली पुलाची 2022 मध्ये गिनीज बुकात नोंद झाली.

आपल्या तक्त्यात दोन अधिक आणि दोन उणे झाले. मग काय, बरोबरी? इथेच गफलत होते. सगळे निकष सारख्या वजनाचे नसतात. काही तर निकषच नसतात, अटी असतात: रेल्वेची परवानगी मिळणार नसेल, तर बाकी दहा अधिक असून उपयोग नाही. अशा अटींवर पर्याय आधीच गाळायचे आणि उरलेल्यांनाच गुण द्यायचे.

खरा वाद असतो तो भाराचा. बर्डीच्या मेन रोडवरचा दुकानदार 'बांधकाम किती महिने' याला सगळ्यात जास्त भार देईल. गुडघे दुखणाऱ्या आजींना लिफ्ट महत्त्वाची, फेरीवाल्याला खांबाखालची जागा, वाहतूक पोलिसाला वळणाची रुंदी. भार बदलला की पहिला आलेला पर्याय तिसरा जाऊ शकतो. म्हणून काळजीपूर्वक काम करणारे लोक भार मुद्दाम बदलून पाहतात. थोड्या बदलाने निकाल उलटत असेल, तर निवड तक्त्याने नाही, भार ठरवणाऱ्याने केलेली असते आणि तो भार कुणी ठरवला हे नागरिकांनी विचारायला हवं.

तक्त्यात सहसा सुटतो असा एक निकष म्हणजे उद्या इथे दुसरं काही आलं तर? वर्धा रोडवर छत्रपती चौकात आधीच एक उड्डाणपूल होता. मेट्रो आणि नवा दुमजली पूल येणार म्हटल्यावर 2016 मध्ये तो पाडावा लागला. त्या जागेवरून जाणारा नवा उड्डाणपूल नोव्हेंबर 2020 मध्ये वाहनांसाठी खुला झाला.