पूर्व जर्मनीतील पहिली फुटबॉल लीग (१९४९-५०) : संघनामांच्या साक्षीने एक विचार

(१)

जर्मन लोकशाही प्रजासत्ताकाची, म्हणजे सामान्यतः पूर्व जर्मनी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या राज्याची, स्थापना ७ ऑक्टोबर १९४९ रोजी झाली. त्या राज्यातील सर्वोच्च फुटबॉल लीग, जी पुढे ‘ओबरलीगा’ या नावाने ओळखली गेली, ती मात्र ३ सप्टेंबर १९४९ रोजीच सुरू झाली होती. लीगचा पहिला मोसम महिनाभर पुढे सरकल्यावर राज्य जन्मास आले, असा हा क्रम आहे. चौदा संघ, प्रत्येकाचे सव्वीस सामने, आणि शेवटच्या दिवशी विजेतेपदाचा निकाल, एवढीच या मोसमाची बाह्य रूपरेषा होय.

या मोसमाची हकीकत सांगताना बहुतेक लेखक थेट शेवटच्या दिवसाकडे वळतात. १६ एप्रिल १९५० रोजी ड्रेस्डेन येथे झालेला सामना, त्यातील पंचांचे वर्तन आणि त्यानंतर एका नामांकित संघाचा झालेला शेवट हा विषय नाट्यपूर्ण आहे यात संशय नाही. तथापि त्या एका दिवसावरच दृष्टी खिळवली तर सारे प्रकरण एका पंचाच्या अन्यायाचे होऊन बसते आणि त्यामागील मोठा बदल नजरेआड होतो. तो बदल असा : फुटबॉलचा संघ हा कोणाचा, या प्रश्नाचे उत्तरच त्या वर्षी बदलत होते. या बदलाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा कोणत्याही भाषणात अथवा ठरावात नसून, त्या मोसमाच्या गुणतक्त्यावरील चौदा नावांमध्ये आहे.

(२)

नावांकडे वळण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका ध्यानी घेतली पाहिजे. युद्धसमाप्तीनंतर दोस्तराष्ट्रांच्या नियंत्रण मंडळाने १७ डिसेंबर १९४५ रोजी आपला तेविसावा निर्देश काढला आणि जर्मनीतील सर्व जुन्या क्रीडासंस्था विसर्जित केल्या. नव्या संस्थांना केवळ स्थानिक पातळीवर परवानगी होती. पश्चिमेकडील विभागांत हे बंधन लवकरच सैल झाले व जुने क्लब आपापल्या जुन्या नावांनी पुन्हा उभे राहिले. सोव्हिएत विभागात तसे घडले नाही. तेथे प्रत्येक गावात किंवा शहराच्या प्रत्येक भागात एक ‘श्पोर्टगेमाइनशाफ्ट’, म्हणजे क्रीडासंघ, निघाला आणि त्याला त्या जागेचेच नाव मिळाले. जुना इतिहास पुसून टाकण्याचा हेतू असल्यामुळे नावात जागेखेरीज दुसरे काही उरले नव्हते.

ड्रेस्डेनचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ‘ड्रेस्डनर स्पोर्ट क्लब’ हा १९४३ व १९४४ या दोन्ही वर्षी साऱ्या जर्मनीचा विजेता होता. १९४५ नंतर त्याचे नाव गेले. परंतु त्याचे अनेक खेळाडू ‘फ्रीडरिखष्टाट’ या क्रीडासंघात एकत्र आले. फ्रीडरिखष्टाट हे ड्रेस्डेनमधील, क्लबचे मैदान ज्या परिसरात होते त्या भागाचे नाव. मैदानाचेही नाव बदलले आणि त्याला हाइन्झ श्टायर या कम्युनिस्ट कामगार-फुटबॉलपटूचे नाव देण्यात आले. नाझी राजवटीने १९४४ साली त्याला ठार केले होते. अशा रीतीने जुने खेळाडू, जुनेच मैदान, पण दोन्हींची नावे नवी, अशी स्थिती निर्माण झाली. संघाचा सूत्रधार हेल्मुट श्योन हा होता. १९३७ ते १९४१ या काळात जर्मनीकडून सोळा सामन्यांत सतरा गोल करणारा हा खेळाडू आता खेळाडू व प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी फ्रीडरिखष्टाटचे नेतृत्व करीत होता.

पुढे १ ऑक्टोबर १९४८ रोजी ‘जर्मन क्रीडा समिती’ स्थापन झाली. तिच्या पाठीशी स्वतंत्र जर्मन युवक संघटना आणि कामगार संघटनांचा महासंघ या दोन संस्था होत्या. त्या समितीने क्रीडासंघांचा पाया बदलण्याचे धोरण स्वीकारले. वस्ती हा संघाचा आधार न राहता उत्पादनसंस्था, म्हणजे कारखाना, खाण, रेल्वे अथवा छापखाना, हा त्याचा आधार व्हावा, असे ठरले. अशा संघाला ‘बेट्रीब्सश्पोर्टगेमाइनशाफ्ट’ अर्थात कारखान्याचा क्रीडासंघ म्हणत. मैदान, साहित्य, प्रवास, खेळाडूंची नोकरी या साऱ्यांची तरतूद त्या कारखान्याने करावयाची, अशी ही व्यवस्था होती.

(३)

आता १९४९-५० च्या मोसमातील नावे पाहावीत. भूस्तरशास्त्रात खडकांचे थर वाचून काळाचा क्रम लावतात, तसे या चौदा नावांत तीन थर वाचता येतात.

पहिला थर स्थलनामांचा. फ्रीडरिखष्टाट व गेरा-दक्षिण ही नावे या थरातील होत. येथे संघाचे नाव म्हणजे त्याच्या प्रेक्षकांचा पत्ता. दुसरा थर विशिष्ट संस्थेच्या वा व्यक्तीच्या नावाचा. डेसाउचा संघ ‘वागोनबाउ’, म्हणजे रेल्वेचे डबे बांधणारा कारखाना. १९४९ साली कामगार महासंघाचा पहिला करंडक याच संघाने जिंकला होता. बाबेल्सबेर्गचा संघ ‘मेर्किशे फोल्क्सश्टिमे’ या वृत्तपत्राच्या नावाने खेळत होता. एरफुर्टचा संघ पूर्वी ‘फोर्टुना’, म्हणजे भाग्यदेवता, या नावाचा होता. त्याला नगरपालिकेच्या उद्योगसंस्थेची तीन आद्याक्षरे चिकटली. लुझाशियातील मार्गा या खाणकामगारांच्या वसाहतीतील संघाला फ्रान्झ मेरिंग या मार्क्सवादी इतिहासकाराचे नाव होते.

तिसरा थर या मोसमात नुकता कोठे दिसू लागला होता व १९५० साली तो सर्वत्र पसरला. आता एकेका उद्योगक्षेत्रासाठी देशभर एकच क्रीडासंघटना स्थापन झाली आणि तिचे नाव तिच्या सर्व संघांना लागले. यंत्र व मोटार उद्योगाला ‘मोटोर’, रसायन उद्योगाला ‘केमी’, वीज उद्योगाला ‘टुर्बिने’, रेल्वेला ‘लोकोमोटिव्ह’, खाणींना ‘अक्टिव्हिस्ट’, मुद्रण व वृत्तपत्रे यांना ‘रोटात्सिओन’ आणि कापड उद्योगाला ‘फोर्टश्रिट’, म्हणजे प्रगती, अशी ही योजना होती. परिणामी डेसाउचा वागोनबाउ हा मोटोर डेसाउ झाला, लायप्झिगचा ‘इंडुस्ट्री’ हा केमी लायप्झिग झाला, एरफुर्ट व हाले येथील संघ टुर्बिने झाले, श्टेंडालचा संघ लोकोमोटिव्ह, मार्गाचा अक्टिव्हिस्ट आणि बाबेल्सबेर्गचा रोटात्सिओन झाला.

भाषेच्या दृष्टीने येथे घडले ते असे की विशेषनामाची जागा सामान्यनामाने घेतली. ‘फ्रीडरिखष्टाट’ हे नाव एकाच जागेला लागू पडते. ‘मोटोर’ हे नाव शेकडो गावांतील शेकडो संघांना लागू पडते. विशेषनाम वस्तूला इतरांपासून वेगळे काढते, तर सामान्यनाम तिला वर्गात बसवते. क्रीडासंघ ही कोणा एका वस्तीची स्मृती नसून राष्ट्रीय उत्पादनव्यवस्थेचा एक घटक आहे, ही कल्पना या नामकरणात जितकी स्पष्ट उमटली आहे तितकी ती एरवी क्वचितच शब्दांत मांडली गेली असेल. एवढे मात्र सांगितले पाहिजे की गावाचे नाव सर्वस्वी गळाले नाही. सामान्यनामाला शेपूट म्हणून का होईना, ते राहिले. एका मोटोरला दुसऱ्या मोटोरपासून वेगळे ओळखण्यासाठी व्यवस्थेला त्याच स्थलनामाचा आधार घ्यावा लागला.

(४)

या पार्श्वभूमीवर शेवटच्या सामन्याचा अर्थ लागतो. एप्रिल १९५० मध्ये फ्रीडरिखष्टाट आणि ‘होर्ख त्स्विकाउ’ हे दोन संघ समान गुणांवर उभे होते. गोलांची सरासरी ड्रेस्डेनची चांगली असल्याने त्यांना बरोबरीही पुरेशी होती. विरुद्ध बाजूचा संघ हा त्स्विकाउ येथील मोटार कारखान्याचा. ‘होर्ख’ या नावाचीही एक कथा आहे. आउगुस्ट होर्ख या अभियंत्याने १९०४ साली त्स्विकाउ येथे कंपनी उभी केली. १९०९ साली तो तिच्यातून बाहेर पडला आणि नव्या कंपनीस स्वतःचे नाव देता येईना, तेव्हा ‘ऐक’ या अर्थाच्या आपल्या आडनावाचे लॅटिन भाषांतर करून त्याने ‘आउडी’ हे नाव घेतले. एका भांडवलदार कारखानदाराचे आडनाव समाजवादी लीगमधील कामगारसंघाने मिरवावे, हा संक्रमणकाळाचाच विनोद म्हणावा लागेल.

साठ हजार प्रेक्षक जमले होते. समाजवादी एकता पक्षाचे नेते वाल्टर उल्ब्रिख्त हेही उपस्थित होते. सुरुवातीलाच ड्रेस्डेनने आघाडी घेतली. परंतु त्यानंतर त्स्विकाउच्या खेळाडूंनी अतिशय दांडगाईचा खेळ केला व पंच विली श्मिट यांनी त्याला आवर घातला नाही. ड्रेस्डेनचे खेळाडू एकामागून एक जखमी झाले. सामना ५-१ असा त्स्विकाउने जिंकला. संतप्त प्रेक्षक मैदानात घुसले आणि पोलिसांना हस्तक्षेप करावा लागला. अखेरच्या तक्त्यात त्स्विकाउचे ४१, ड्रेस्डेनचे ३९ आणि डेसाउचे ३७ गुण झाले.

लवकरच फ्रीडरिखष्टाट हा संघ विसर्जित करण्यात आला. त्याच्या खेळाडूंची नेमणूक तंबाखू उद्योगाच्या संघात करण्यात आली. ती त्यांना मान्य झाली नाही. श्योन आणि त्याचे बहुसंख्य सहकारी पश्चिम बर्लिनला निघून गेले व ‘हेर्था’ या क्लबकडून खेळू लागले. पुढील मोसमात ओबरलीगात ड्रेस्डेनचे प्रतिनिधित्व करण्यासाठी लोकपोलिसांचा संघ आला. त्यासाठी अकरा ठिकाणांहून सतरा खेळाडू निवडून आणण्यात आले होते. मैदान तेच, शहर तेच. परंतु संघ मात्र शहरातून वर आलेला नव्हे, तर शहराकडे पाठविलेला होता.

(५)

येथे एका सोप्या निष्कर्षापासून सावध राहिले पाहिजे. ड्रेस्डेन म्हणजे लोकांचा संघ आणि त्स्विकाउ म्हणजे सरकारने घडविलेले बाहुले, अशी मांडणी अनेकदा केली जाते. ती पुराव्यास उतरत नाही. त्स्विकाउच्या संघाचा वारसा ‘प्लानिट्झ’ या क्रीडासंघाकडे जातो. प्लानिट्झ हा त्स्विकाउचाच एक भाग. त्याच्या संघाने १९४८ साली सोव्हिएत विभागाचे पहिले विजेतेपद मिळविले होते. त्यामुळे अखिल जर्मन स्पर्धेत न्युर्नबेर्गच्या संघाशी श्टुटगार्ट येथे सामना खेळण्याचा हक्क त्याला मिळाला. परंतु सोव्हिएत विभागातील अधिकाऱ्यांनी प्रवासाची परवानगी नाकारली आणि तो सामना झालाच नाही. म्हणजे ज्या सत्तेच्या कृपेने १९५० चा विजय मिळाला असे म्हटले जाते, तिच्याच निर्णयाचा फटका या संघाने दोन वर्षांपूर्वी खाल्ला होता. शिवाय मोसमात सर्वाधिक, म्हणजे तेवीस, गोल करणारा हाइन्झ साट्रापा हा त्स्विकाउचाच खेळाडू होता. सव्वीस सामन्यांत एकेचाळीस गुण केवळ पंचांच्या मेहेरबानीने मिळत नसतात.

विजेत्याच्या वाट्यालाही नावाचे स्थैर्य आले नाही. त्याच वर्षी होर्ख त्स्विकाउचा मोटोर त्स्विकाउ झाला, १९६८ साली साक्सेनरिंग त्स्विकाउ झाला. पराभूताचे नाव आज्ञेने गेले आणि विजेत्याचेही नाव आज्ञेनेच गेले. दोघांच्या नशिबात मोठा फरक होता हे खरे. परंतु आपण कोण, हे ठरविण्याचा अधिकार दोघांपैकी कोणाकडेच उरला नव्हता.

या नियमाची पुढील उदाहरणे आणखी स्पष्ट आहेत. ड्रेस्डेनच्या पोलीससंघाचे १९५३ साली ‘डायनामो’ असे नामकरण झाले आणि त्याच वर्षी तो विजेता ठरला. पण १९५४ साली त्याचे प्रमुख खेळाडू राजधानी बर्लिनला हलविण्यात आले. त्याच वर्षी लाउटर या छोट्या गावाचा ‘एम्पोर’ हा संघ मोसम चालू असतानाच बाल्टिक किनाऱ्यावरील रोस्टोक बंदरात नेण्यात आला. संघ हा उत्पादनव्यवस्थेचा घटक ठरल्यावर, यंत्रसामग्रीप्रमाणे तो एका जागेवरून दुसऱ्या जागी हलविता येतो, हे ओघानेच आले.

(६)

तथापि व्यवस्थेलाही आपल्या नामकरणाचा पुनर्विचार करावा लागला. डिसेंबर १९६५ ते जानेवारी १९६६ या काळात प्रमुख संघांना ‘फुटबॉल क्लब’ असे स्वतंत्र रूप देण्यात आले. एरफुर्टच्या नावात ‘तांबडा-पांढरा’ हे रंग आले, रोस्टोकच्या नावात मध्ययुगीन व्यापारी संघाचे ‘हान्झा’ हे नाव आले, माग्डेबुर्गला केवळ शहराचे नाव पुरले. जो ‘क्लब’ शब्द १९४५ नंतर हद्दपार झाला होता, तो राज्याच्याच संमतीने परत आला. ८ मे १९७४ रोजी माग्डेबुर्गने मिलानचा २-० असा पराभव करून युरोपीय करंडकविजेत्यांचा करंडक जिंकला, तेव्हा त्या संघाच्या नावात ना मोटोर होते, ना टुर्बिने.

त्याच वर्षी २२ जून रोजी हांबुर्ग येथे विश्वचषकात दोन जर्मनी समोरासमोर आल्या. माग्डेबुर्गच्या युर्गेन श्पारवासरने केलेल्या गोलाने पूर्व जर्मनी जिंकली. पराभूत पश्चिम जर्मन संघाचा प्रशिक्षक होता हेल्मुट श्योन. चोवीस वर्षांपूर्वी ज्या राज्यातून तो निघून गेला होता, त्याच राज्याच्या संघाने त्याला हरविले. आणि पंधरा दिवसांनी त्याच श्योनच्या संघाने विश्वचषक जिंकला. हा योगायोग पुष्कळांनी वर्णिला आहे. ड्रेस्डेनच्या दृष्टीने त्याचा अर्थ मात्र वेगळा होता : आपल्या वस्तीच्या संघात घडलेला माणूस जगज्जेता झाला, पण ज्याच्या नावे ते यश सांगावे तो संघच उरला नव्हता.

१९९० साली पूर्व जर्मन राज्य संपले. ‘ड्रेस्डनर स्पोर्ट क्लब’ हे नाव त्याच वर्षी पुन्हा वापरात आले, आणि त्स्विकाउच्या संघानेही कारखान्याचे नाव टाकून गावाचे नाव तेवढे ठेवले. मोटोर, केमी, टुर्बिने यांपैकी बहुतेक नावे गळाली. काही मात्र टिकली, उदाहरणार्थ लायप्झिगमध्ये ‘केमी’ हे नाव आजही प्रेमाने घेतले जाते. १९५१ साली त्या नावाने मिळविलेले विजेतेपद लायप्झिगच्या लोकांनी आपले मानले आहे. वरून लादलेले सामान्यनामही लोकांनी दीर्घकाळ उच्चारले तर त्यांचे विशेषनाम होऊ शकते. आणि फ्रीडरिखष्टाटसारखे खरे विशेषनाम एका आज्ञेने गुणतक्त्यातून काढून टाकता येते. १९४९-५० च्या मोसमाचा अभ्यास करताना या दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानी घेतल्या, तरच ड्रेस्डेनच्या मैदानात घुसलेले ते प्रेक्षक केवळ एका सामन्यासाठी संतापले नव्हते, हे समजून घेता येईल.