जोगलटेंभीची चांदी

राज्य बदलले म्हणजे राजाचे काय होते हे शिलालेख सांगतात. पण सामान्य माणसाच्या गाठीच्या पैशाचे काय होते, हे बहुधा नाण्यांनाच विचारावे लागते.

१९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा मोठा ठेवा सापडला. नाणी सुमारे १३,२५०. सारी क्षहरात क्षत्रप नहपानाची. त्यांतील सुमारे ९,२७० नाण्यांवर नहपानास जिंकणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा नि अक्षरे यांवर तीन कमानींचा चैत्य आणि उज्जैनी चिन्ह उमटले आहे.

तो काळ धामधुमीचा होता. आपल्या शेजारच्या कल्याण बंदरात ग्रीक जहाज आलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेत, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात नमूद आहे. भडोचला रोमन चांदीची नाणीही येत व फायद्याने बदलली जात.

अशा वेळी जुने नाणे रद्द ठरते, तर काय झाले असते? नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायमचे ठेवल्याचा लेख नाशिकच्या लेण्यांत आहे. २,००० वर दरमहा शेकडा १ आणि १,००० वर शेकडा पाऊण व्याज; त्यातून भिक्षूंना चीवरे मिळावयाची. आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या लेखांतही कार्षापणांच्या ठेवी आढळतात. नाणे बुडते, तर राजाबरोबर विणकर, व्यापारी व भिक्षू हेही बुडाले असते.

पुढे तिसऱ्या शतकात रोमवर संकट आले, तेव्हा तेथील सम्राटांनी नाण्यावर आपला चेहरा कायम ठेवून आतली चांदी कमी कमी केली. २६० नंतरच्या दशकात ती शेकडा पाचाच्याही खाली गेली. भाव भडकले, विश्वास उडाला. सातकर्णीने उलट केले. वरचे नाव बदलले. आतल्या चांदीस हात लावला नाही. नवा छाप मारणे हे वितळवण्यापेक्षा सोपे व स्वस्त होते, हे खरेच. परंतु त्यायोगे लोकांच्या गाठीचा पैसा शाबूत राहिला, हेही तितकेच खरे.

नहपानाचा वंश आपल्या पुत्राने निर्मूल केला, असे गौतमी बलश्रीने नाशिकच्या लेखात अभिमानाने कोरविले आहे. त्या विजयाची दुसरी बाजू जोगलटेंभीच्या चांदीत आहे. शत्रूचे राज्य बुडविणाऱ्या राजालाही बाजारातली पत बुडवून चालत नाही, हे आपण तिच्यापासून शिकावे.