सबवूफर व अ‍ॅम्प्लिफायर यांची संरोध-जुळणी

मोटारीतील ध्वनियंत्रणेत सबवूफरचा एकूण संरोध अ‍ॅम्प्लिफायरला सुरक्षितपणे पेलेल अशा मर्यादेत ठेवून त्या दोहोंची निवड व जोडणी करणे, यास संरोध-जुळणी असे म्हणतात. संरोध म्हणजेच इम्पिडन्स हा ओहम या एककात मोजला जातो. मोटारीतील बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात. सबवूफर १, २ व ४ ओहमच्या कुंडलांसह मिळतात, तर घरगुती स्पीकर सामान्यतः ८ ओहमचे असतात. जुळणी चुकल्यास आवाज बिघडतो, अ‍ॅम्प्लिफायर तापून बंद पडतो आणि प्रसंगी तारा वितळून वाहनास आग लागण्याचा धोकाही निर्माण होतो.

== संकल्पना ==

प्रत्यावर्ती विद्युतधारेला मंडलात होणाऱ्या एकूण विरोधास संरोध म्हणतात. ही संज्ञा इंग्लिश शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८६ मध्ये रूढ केली. सबवूफरमध्ये चुंबकाच्या फटीत तांब्याच्या वा ॲल्युमिनियमच्या तारेचे कुंडल असते, त्यास व्हॉइस कॉइल म्हणतात. या कुंडलाचा रोध, त्याचे प्रवर्तन आणि शंकूची यांत्रिक हालचाल या तिन्हींचा मिळून संरोध बनतो. त्यामुळे तो वारंवारतेनुसार बदलतो. अनुनाद वारंवारतेजवळ तो छापील मूल्याच्या कित्येक पट वाढतो.

सबवूफरवर छापलेला आकडा हे नाममात्र मूल्य असते. आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाच्या मानकानुसार प्रत्यक्ष संरोध नाममात्र मूल्याच्या ८० टक्क्यांखाली जाता कामा नये. मल्टिमीटरने केवळ दिष्ट धारेचा रोध मोजला जातो. म्हणून ४ ओहमच्या कुंडलावर साधारण ३.२ ते ३.७ ओहम इतके वाचन आले, तर ते सदोष मानले जात नाही.

== शक्तीशी संबंध ==

ओहमच्या नियमानुसार विद्युतधारा = विद्युतदाब ÷ संरोध, तर शक्ती = विद्युतदाब × विद्युतदाब ÷ संरोध. अ‍ॅम्प्लिफायरने २० व्होल्ट इतका विद्युतदाब स्थिर राखला, तर परिणाम पुढीलप्रमाणे होतो :

* ८ ओहम : धारा २.५ अँपिअर, शक्ती ५० वॅट
* ४ ओहम : धारा ५ अँपिअर, शक्ती १०० वॅट
* २ ओहम : धारा १० अँपिअर, शक्ती २०० वॅट
* १ ओहम : धारा २० अँपिअर, शक्ती ४०० वॅट

संरोध निम्मा झाल्यास शक्ती दुप्पट होते, परंतु धाराही दुप्पट होते. ट्रान्झिस्टरवरील भार या धारेवर अवलंबून असतो. म्हणूनच निर्माते प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायरसाठी किमान संरोध निश्चित करतात. प्रत्यक्षात वीजपुरवठ्याच्या मर्यादेमुळे शक्ती पूर्ण दुप्पट होत नाही.

== सबवूफरची जोडणी ==

एकसर जोडणीत संरोधांची बेरीज होते. समांतर जोडणीत समान संरोधाच्या कुंडलांसाठी एका कुंडलाच्या संरोधाला कुंडलांच्या संख्येने भागले जाते. दुहेरी व्हॉइस कॉइल असलेल्या सबवूफरमध्ये एकाच शंकूवर दोन स्वतंत्र कुंडले असतात, त्यामुळे जोडणीचे पर्याय वाढतात :

* ४+४ ओहमचा एक सबवूफर : समांतर २ ओहम, एकसर ८ ओहम
* २+२ ओहमचा एक सबवूफर : समांतर १ ओहम, एकसर ४ ओहम
* ४+४ ओहमचे दोन सबवूफर : सर्व समांतर १ ओहम, मिश्र जोडणी ४ ओहम, सर्व एकसर १६ ओहम
* २+२ ओहमचे दोन सबवूफर : सर्व समांतर ०.५ ओहम, मिश्र जोडणी २ ओहम, सर्व एकसर ८ ओहम

भिन्न संरोधाचे सबवूफर एकाच वाहिनीवर जोडल्यास शक्तीची विभागणी असमान होते. उदाहरणार्थ, २ व ४ ओहमचे सबवूफर समांतर जोडल्यास २ ओहमच्या सबवूफरला दुप्पट शक्ती मिळते. त्यामुळे एकाच प्रकारचे सबवूफर वापरणे इष्ट ठरते. दुहेरी कुंडलांपैकी एकच जोडल्यास सबवूफरची शक्ती पेलण्याची क्षमता सुमारे निम्मी होते. दोन कुंडले एकमेकांविरुद्ध ध्रुवतेने जोडल्यास त्यांची बले परस्परांना छेद देतात व शंकू जवळजवळ हलतच नाही.

== ब्रिज जोडणी ==

दोन वाहिन्या विरुद्ध कलेत चालवून त्यांच्यामध्ये एक सबवूफर जोडणे, यास ब्रिज जोडणी म्हणतात. या जोडणीत प्रत्येक वाहिनीला सबवूफरचा निम्माच संरोध जाणवतो. म्हणून प्रत्येक वाहिनीस किमान २ ओहम पेलणारा अ‍ॅम्प्लिफायर ब्रिज जोडणीत किमान ४ ओहमचाच भार घेऊ शकतो. या नियमाकडे दुर्लक्ष झाल्याने अनेक अ‍ॅम्प्लिफायर निकामी होतात.

== निवडीचे उदाहरण ==

एखादा एकवाहिनी अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमवर २५० वॅट व २ ओहमवर ४०० वॅट देतो आणि त्याचा किमान संरोध २ ओहम आहे, असे मानू. २+२ ओहमचा एकच सबवूफर समांतर जोडल्यास १ ओहम होतो, म्हणून तो वर्ज्य ठरतो. तोच एकसर जोडल्यास ४ ओहम होतो व २५० वॅटच मिळतात. ४+४ ओहमचा सबवूफर समांतर जोडल्यास मात्र २ ओहमवर पूर्ण ४०० वॅट मिळतात. त्यामुळे कुंडलांच्या संरोधाचा विचार खरेदीपूर्वीच करणे आवश्यक असते. तुलना करताना कमाल शक्तीऐवजी सातत्यपूर्ण म्हणजेच आरएमएस शक्तीचे आकडे घेतले जातात. सीईए-२००६ या अमेरिकी मानकात मोटारीच्या अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती १४.४ व्होल्ट पुरवठा, ४ ओहम भार आणि कमाल १ टक्का विरूपण या अटींवर मोजली जाते.

== वीजपुरवठा व सुरक्षितता ==

कमी संरोधामुळे बॅटरीवरील भार वाढतो. ४०० वॅट देणाऱ्या व ८० टक्के कार्यक्षमतेच्या डी-वर्गीय अ‍ॅम्प्लिफायरला ५०० वॅट लागतात. १३.८ व्होल्टवर ही धारा सुमारे ३६ अँपिअर होते. तार बारीक असल्यास विद्युतदाब घटतो व तार तापते. मुख्य फ्यूज बॅटरीपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत बसवला जातो. वाहनाच्या पत्र्याला घासून तार उघडी पडल्यास आग रोखण्याचे काम हा फ्यूज करतो. तो तारेच्या क्षमतेपेक्षा मोठा असू नये. ट्रकमधील २४ व्होल्टच्या यंत्रणेवर १२ व्होल्टचा अ‍ॅम्प्लिफायर थेट जोडता येत नाही.

== गैरसमज ==

* दोहोंचे संरोध समान असावेत : अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा निर्गम संरोध एका ओहमच्या अल्पांशाइतका असतो. तो सबवूफरच्या संरोधापेक्षा बराच कमी असणे अपेक्षित असते. ‘जुळणी’ येथे मर्यादेच्या अर्थाने वापरली जाते.
* शक्ती दुप्पट म्हणजे आवाज दुप्पट : शक्ती दुप्पट झाल्यास ध्वनिपातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज दुप्पट भासण्यास सुमारे १० डेसिबेल, म्हणजे दहापट शक्ती लागते.
* लहान अ‍ॅम्प्लिफायर सबवूफरला हानी पोहोचवू शकत नाही : क्षमतेपलीकडे चालवल्यास लहरींचे माथे छाटले जातात, सरासरी शक्ती वाढते व कुंडल जळू शकते.

== हेही पहा ==

* ओहमचा नियम
* विद्युत रोध
* ध्वनिक्षेपक
* डेसिबेल