एक ‘वात’, तीन दुखणी

गटाच्या बैठकीला खाली बसताना गुडघ्यावर हात टेकून “आई गं” म्हणणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. त्यातल्या कितीतरी जणी वाताच्या भीतीने डाळ सोडतात, दही सोडतात. म्हणून आज या वाताचा इतिहास सांगते.

सुमारे १३०० वर्षांपूर्वी माधवकर नावाच्या वैद्यांनी ‘माधवनिदान’ हा ग्रंथ रचला. त्यात आमवातावर वेगळं प्रकरण आहे. विरुद्ध आहार, मंद पचन आणि हालचाल नसणं ही कारणं त्यांनी सांगितली. म्हणजे सांधा आणि ताट यांचं नातं आपल्याकडे जुनंच.

पुढे लंडनमध्ये आल्फ्रेड गॅरड या डॉक्टरांनी १८४८ साली दाखवलं, की ‘गाउट’च्या रोग्यांच्या रक्तात युरिक ॲसिड वाढलेलं असतं. रक्तातलं पाणी वेगळं काढून त्यात ॲसिटिक ॲसिड घालायचं आणि एक धागा सोडायचा. धाग्यावर खडे धरले की गाउट! त्यांनीच १८५९ च्या पुस्तकात दुसऱ्या दुखण्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हे नाव दिलं. तिसरं दुखणं म्हणजे सांध्याची झीज. आपण तिन्हींना वातच म्हणतो, पण तिन्हींचं पथ्य एक नाही.

गाउटमध्ये दारू, मटण, कलेजी कमी करावी लागते. पण डाळीचं काय? अमेरिकेत ४७,००० हून जास्त पुरुषांची १२ वर्षं पाहणी झाली. २००४ मध्ये निष्कर्ष आला: मांस-मासळीने गाउटचा धोका वाढतो, डाळी-वाटाण्याने वाढलेला दिसला नाही, दूधदुभतं घेणाऱ्यांत तो कमीच होता.

ऱ्हुमॅटॉइडवर नॉर्वेत प्रयोग झाला, तो १९९१ मध्ये छापून आला. रोग्यांनी थोडे दिवस देखरेखीखाली उपास केला, मग वर्षभर शाकाहार घेतला. बऱ्याच जणांची सूज आणि दुखणं कमी झालं, काहींना फरक पडला नाही. म्हणून आहार हा जोडीदार आहे, औषधाची जागा तो घेत नाही. औषध सोडलं तर बोटं वाकडी होऊ शकतात.

गुडघ्याच्या झिजेत वजनाला महत्त्व. २००५ च्या अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं, की अंगावरचं एक किलो उतरलं, तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. पण हे जाड बाईसाठी. जी आधीच वाळलेली आहे, सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खाते, तिने आणखी काय सोडायचं? डाळ-दही सोडून तिचा अशक्तपणा तेवढा वाढेल.

तेव्हा मैत्रिणींनो, ताटातलं काही काढण्याआधी आशाताईंना विचारा, सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. आपलं दुखणं तिघांपैकी कोणतं, ते आधी कळू द्या. पथ्य त्यानंतर.