शोधयंत्र अनुकूलन (लघुव्यवसाय)

शोधयंत्र अनुकूलन अर्थात 'एसईओ' म्हणजे गूगलसारख्या शोधयंत्राच्या निकालांत एखादे संकेतस्थळ वा दुकान सहज सापडावे यासाठी केलेली मजकुराची व माहितीची रचना. लहान दुकानदाराला यातील बरेचसे काम स्वतःच करता येते. 'गूगल बिझनेस प्रोफाइल' ही नोंद निःशुल्क असते. स्थानिक निकालांतील क्रम मुख्यतः सुसंगती, अंतर व ख्याती यांवर ठरतो. तो पैसे देऊन वर नेता येत नाही.

धाराशिव जिल्ह्यात यात एक निराळी अडचण आहे. २०२३ मध्ये उस्मानाबादचे अधिकृत नाव धाराशिव झाले. परंतु शोध घेणाऱ्यांची सवय अधिसूचनेने बदलत नाही. त्यामुळे तुळजापुरातील लॉजचालकाने किंवा कुंथलगिरीच्या पेढेविक्रेत्याने संकेतस्थळावरील पत्त्यात व वर्णनात दोन्ही नावे, देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, ओघाने देणे हिताचे ठरते. व्यवसायाच्या नावात मात्र ती कोंबता येत नाहीत. गूगलच्या नियमांनुसार तेथे पाटीवरचेच नाव लागते. नियमभंग झाल्यास नोंद स्थगित होऊ शकते, म्हणजे दुकान नकाशावरूनच नाहीसे होण्याची वेळ येते. सवलतीच्या बदल्यात अभिप्राय मिळवण्यासही मनाई आहे. नवरात्रात दुकानाच्या वेळा बदलत असल्यास त्या 'विशेष वेळा' म्हणून आधीच नोंदवता येतात.