दामदुपटीचं कूळ

दक्षिण आफ्रिकेच्या कर्जकायद्यात एक नियम आहे: थकलेलं व्याज मुद्दलाइतकं झालं की पुढे चढत नाही. नाव लॅटिन, ‘इन डुप्लम’. डचांच्या कायद्याबरोबर तो तिकडे गेला, डचांना रोमनांकडून मिळाला. पण ही तर आपली दामदुपट! धनकोने ऋणकोकडून एका वेळी मुद्दल आणि फार तर तेवढंच व्याज घ्यावं, हा दंडक गौतमाच्या धर्मसूत्रात आहे, मनुस्मृतीत आहे. इंग्रजी अमदानीत मुंबई हायकोर्टानेही हिंदू ऋणकोंपुरता तो मानला.

मग कोणी कोणाचा उचलला? ग्रीक इतिहासकार डायोडोरस सांगतो की, लेखी कर्जावरचं व्याज मुद्दलापलीकडे जाऊ द्यायचं नाही, असा कायदा इजिप्तच्या बोकोरिस राजाने केला. बोकोरिस इ.स.पूर्व आठव्या शतकातला. तेव्हा एक फांदी इजिप्तहून रोमला, दुसरी आपल्या भडोच बंदराला, अशी वंशावळ मांडायचा मोह होतोच.

मला ती पटत नाही, आणि त्याचं कारण पळवाटेत आहे. मनूच्या आठव्या अध्यायात दुपटीची मर्यादा येते आणि तीनच श्लोकांनंतर सवलत: कर्ज फिटत नसेल तर व्याज चुकवून नवं खत करावं; व्याजही देता येत नसेल तर ते नव्या खतात घालावं. झालं! व्याजाचं मुद्दल झालं आणि दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. रोमन कायद्याने नेमकं हेच दार बंद केलं. सम्राट जस्टिनियनने इ.स. ५२९मध्ये व्याज मुद्दलात मिसळायलाच मनाई केली. नियम उसना घेणारा त्याची पळवाटही घेतोच. निदान सावकारांच्या जगात तरी.

तेव्हा माझा कौल स्वतंत्र जन्माला. ऋणको परागंदा झाला की धनकोचंही बुडतं, हे कळायला परदेशी गलबत कशाला हवं? आणि मर्यादा दुप्पटच का? अक्षरशत्रूलाही ती समजते: मुद्दलाचा ढीग, व्याजाचा ढीग, दोन्ही सारखे झाले की पुरे. धान्याच्या कर्जाला मनू पाचपटीपर्यंत मोकळीक देतो, ही या अंदाजातली खोच आहे. पण धान्य पेरलं की कित्येक पटींनी वाढतं, नाणं वाढत नाही, एवढ्यावर मी ती निकालात काढतो.

दख्खनच्या सावकाराला दामदुपट मोडायची गरजच नव्हती; तो खत बदलून घेई. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला, तेव्हा कुळांचा डोळा होता तो खतं-रोख्यांवर, आणि हाती आलेली कागदपत्रं त्यांनी जाळली. १८७९च्या दख्खन शेतकरी कायद्याने कोर्टाला शेवटच्या खतामागे जाऊन व्यवहार मुळापासून उकरायला लावलं. मनूची सवलत बंद झाली ती तिथे. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यातही मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करायला बंदी आहे, आणि ऋणकोचा धर्म आता कोणी विचारत नाही.